‘सामना’ : गावाला ठाऊक असलेले रहस्य

रहस्यपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? रात्र असते, पाऊस कोसळत असतो, कुठेतरी दार करकरते, आणि शेवटच्या रिळापर्यंत खुनी कोण हे कोणाला कळत नाही. प्रेक्षकांत एखादा असा निघतोच, की जो चित्रपट आधी पाहून आलेला असतो आणि शेजाऱ्याच्या कानात खुन्याचे नाव सांगून त्याचे तिकिटाचे पैसे वाया घालवतो. आज मी ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे, त्यात अशा चहाडखोराला काही कामच नाही. ‘सामना’ हा तो चित्रपट. त्यातही एक माणूस नाहीसा झालेला आहे, त्याचा शोध घेणारा एक गृहस्थ आहे, आणि दडपलेला गुन्हाही आहे. पण त्या माणसाचे काय झाले असावे, हे गावाला आधीपासूनच ठाऊक आहे. ठाऊक नसेल तर निदान अंदाज आहे.

मी हा चित्रपट महाविद्यालयातल्या मुलांना दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने मला विचारले, ‘‘सर, गावाला समदं ठाऊक होतं, मग मास्तरनं शोधलं काय?’’ वर्ग हसला. मलाही क्षणभर उत्तर सुचले नाही. नंतर लक्षात आले, की या चित्रपटाविषयी विचारावा असा हाच एक प्रश्न आहे. आजचे माझे बोलणे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजा.

‘सामना’ १९७५ साली लोकांपुढे आला. त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे आपल्या पंढरपूरचे. म्हणजे त्यांचा जन्म १९४२ साली इथला. शिक्षण सोलापुरात आणि पुढे पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले. लहान मुलांचे डॉक्टर म्हणून दौंडला त्यांचा दवाखाना होता, आणि नाटकाचे वेड तर होतेच. १९७२ साली त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ बसवले, त्याचे नाव आपण ऐकले असेल. ‘सामना’ हा त्यांचा पहिला चित्रपट. कथा आणि पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचे. आणि निर्माते कोण, तर रामदास फुटाणे! शिक्षकबंधूंनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक होते. ज्या धंद्यात भल्याभल्यांचे हात पोळतात, त्यात एका ड्रॉइंग मास्तराने उडी घ्यावी, आणि तीही असल्या विषयावर, याचे मला आजही नवल वाटते.

कथा थोडक्यात अशी. हिंदुराव धोंडे पाटील हे एका गावचे सर्वेसर्वा. साखर कारखाना त्यांच्या मुठीत, गाव त्यांच्या शब्दात. अशा या गावात एक वृद्ध, दारूच्या आहारी गेलेला गृहस्थ येऊन पडतो. कधीकाळी ध्येयवादी असलेला, गांधींच्या काळात वाढलेला हा माणूस आता स्वतःवरचाही विश्वास गमावून बसला आहे. त्याला सारे मास्तर म्हणतात. हिंदुरावांना त्याचे कुतूहल वाटते. ते त्याला वाड्यावर नेतात, खाऊ घालतात, पिऊ घालतात, आपले वैभव दाखवतात. अशा पाहुणचारात मास्तरांच्या कानावर एक नाव येते, मारुती कांबळे. त्या नावासरशी बोलणारा गप्प होतो, एवढेच मास्तर पाहतात. आणि तिथून पुढे ते एकच गोष्ट विचारत सुटतात, की या मारुती कांबळेचे झाले तरी काय? हा प्रश्न ते हिंदुरावांना विचारतात, गावकऱ्यांना विचारतात, शुद्धीत असताना विचारतात आणि नशेतही विचारतात. हिंदुराव निळू फुल्यांनी आणि मास्तर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले आहेत. मोहन आगाशे आहेत, आणि तेव्हा अगदी नवख्या असलेल्या स्मिता पाटीलही त्यात दिसतात.

‘कांबळे’ या आडनावाकडे जरा लक्ष द्या. पाटील कोण आणि कांबळे कोण, गावात कोणाचे घर कुठल्या बाजूला, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. तेंडुलकरांनी दोन आडनावांत गावाचा नकाशा काढून ठेवला आहे. परदेशातल्या प्रेक्षकाला ते कळणार नाही, पण आपल्याला कळल्यावाचून राहत नाही.

आता थोडे अमेरिकेकडे जाऊ, कारण गुन्ह्याच्या चित्रपटांची पक्की रीत तिकडे तयार झाली. १९४१ साली जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरून ‘द माल्टीज फाल्कन’ काढला. त्यातला सॅम स्पेड हा खाजगी गुप्तहेर. त्याच्या भागीदाराचा खून होतो, आणि खुनी कोण हे शेवटी उघड होते. या धर्तीचे पुष्कळ चित्रपट त्या दशकात निघाले. महायुद्ध संपल्यावर ते पॅरिसला पोहोचले, तेव्हा फ्रेंच टीकाकारांनी १९४६ च्या सुमारास त्यांना ‘काळे चित्रपट’ असे नाव दिले. नाव अगदी योग्य होते. ओला रस्ता, अर्धा चेहरा अंधारात, खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर पडलेली. हिटलरच्या छळाला कंटाळून जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेले काही दिग्दर्शक आणि छायालेखक हॉलिवुडात काम करीत होते, आणि छायाप्रकाशाची ही कला बरीचशी त्यांनी बरोबर आणलेली होती. काळही तसाच होता. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती आणि तिच्या पोटी गुंडांच्या टोळ्या पोसल्या गेल्या होत्या. मागोमाग मंदी आली, मग युद्ध. माणसांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला होता. तो अविश्वास त्या अंधारात उतरला.

त्या चित्रपटांतला अंधार मोठ्या शहराचा आहे, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. म्हणून तिथे शोध लावावा लागतो, ठसे घ्यावे लागतात, हॉटेलांच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात. आपल्या गावात काय लपते? कोणाच्या घरी पाहुणा आला, कोणाची म्हैस आटली, कोणाचे सावकाराशी बिनसले, सारे पारावर संध्याकाळपर्यंत पोहोचलेले असते. तिथे गुप्तहेराला धंदाच नाही. तेव्हा गावातल्या गुन्ह्याचा चित्रपट काढायचा, तर अमेरिकेची रीत उचलून चालणार नाही. ‘सामना’ने ती उचलली नाही, हे मला त्याचे मोठेपण वाटते. इथे जे लपलेले आहे ते ‘कोणी केले’ हे नव्हे. सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत का नाही, हे त्यातले रहस्य आहे.

का बोलत नाही? भीतीने, असे आपण चटकन म्हणतो. पण भीती म्हणजे नुसती काठी आणि बंदूक नव्हे. आपल्या पंढरपूर तालुक्यात, माळशिरसला, माढ्याला ज्यांचा ऊस आहे त्यांना मी काय सांगायचे? तरी शहरी वाचकांसाठी सांगतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तो वेळेवर तुटला तर सोने; तोड लांबली, तुरा आला, की वजन घटते, रस घटतो. एकदा तुटल्यावर तर तो लवकरात लवकर गव्हाणीत पडायला हवा, नाही तर वाळत चालला. म्हणजे दीड वर्षाच्या घामाचे मोल टोळी कोणत्या दिवशी तुमच्या बांधावर येते यावर ठरते. ती टोळी कोण पाठवतो? कारखाना. काट्यावर कोण असतो? कारखान्याचा माणूस. सोसायटीचे कर्ज कोणाच्या बिलातून कापले जाते? तुमच्याच. मुलाला महाविद्यालयात घ्यायचे, पुतण्याला चिटबॉय म्हणून लावायचे, तरी वाट त्याच दाराकडे जाते. अशा गावात चेअरमनला कोणाला धमकी द्यावी लागत नाही. नुसती तोड आठ दिवस लांबवली की पुरे.

यावरून सहकार वाईट, असे मात्र कोणी समजू नये. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून आणि धनंजयराव गाडगीळांचे मार्गदर्शन घेऊन जो कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. खाजगी कारखानदाराच्या दारात उभे राहणारा शेतकरी त्यामुळे स्वतः भागधारक झाला. शाळा आल्या, रस्ते आले, दवाखाने आले. मी स्वतः अशाच एका परिसरातल्या शाळेत शिकलो. तेंडुलकरांनाही हे ठाऊक असावे, कारण त्यांचा हिंदुराव हा काही मिशांना पीळ देणारा राक्षस नाही. त्याने खरोखर पुष्कळ उभारले आहे आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान आहे. मास्तरांवर त्याचा जीवही जडतो. पण एका सभासदाला एक मत असे तत्त्व ज्या घरात नांदायला आले, त्याच घरात एका माणसाचा शब्द शेवटचा कसा झाला, हे चित्रपटाला दाखवायचे आहे.

मराठी पडद्यावरचा पाटील त्याआधी वेगळा होता. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात एकशे एकतीस आठवडे चालला. त्यातही पाटलाने केलेला अत्याचार आहे, आणि तोही अखेर भर तमाशाच्या फडात उघडा पाडला जातो. तो पाटील वतनदारीतला. पुढे १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली. त्याच वर्षी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाची सत्ता चावडीवरून निघाली ती कारखान्याच्या, बँकेच्या, पंचायत समितीच्या कचेरीत जाऊन बसली. हिंदुराव हा त्या कचेरीतला पाटील आहे. तो घोड्यावर बसत नाही, त्याला निवडणुकीला उभे राहावे लागते. म्हणूनच त्याला मास्तरांच्या प्रश्नाची धास्ती वाटते. वतनदाराला कोणी काही विचारले तरी त्याचे काय बिघडणार होते?

आता शैलीविषयी. ‘सामना’ कृष्णधवल आहे, पण त्याचा काळोख अमेरिकन चित्रपटांसारखा कोपऱ्यात साठवलेला नाही. यात खरे काम करतात ते दोन आवाज. निळू फुल्यांनी हिंदुराव मोठ्याने ओरडून रंगवला नाही. बेतास बात आवाज, ओढत टाकलेला शब्द, मध्येच एक विराम, आणि त्या विरामात समोरच्या माणसाचा घसा कोरडा पडतो. ज्याला मोठ्याने बोलावे लागत नाही तोच खरा सत्ताधीश, हे त्यांनी ओळखले होते. फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वर आले होते आणि काही काळ पुण्यात माळीकाम करून पोट भरत होते. ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागते ती माणसे कशी बोलतात, हे त्यांनी जवळून ऐकलेले असणार. उलट लागूंचा मास्तर. त्याची मराठी पुस्तकी, उपरोधाची, थोडी नाटकी. दारूने जड झालेली जीभ, पण वाक्याला धार. एक बोली आणि एक प्रमाण भाषा अशी ही झुंज आहे. ज्याच्या हाती सत्ता तो बोलीत बोलतो, आणि शुद्ध भाषा बोलणारा त्याच्या ताटातले अन्न खातो! आपल्याकडच्या शिक्षणाची सारी गत यात आली.

दुसरे असे, की एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला की तो झिजतो, असे आपल्याला वाटते. इथे उलट होते. पहिल्यांदा ऐकताना ती नुसती चौकशी वाटते, नंतर दारुड्याची बडबड वाटते, मग वेड वाटते. आणि केव्हातरी आपल्या लक्षात येते, की पडद्यावरची माणसे आता त्या प्रश्नाला टाळत नसून एकमेकांचे डोळे टाळत आहेत. कीर्तनात ध्रुपद जसे दर वेळी नवा अर्थ घेऊन येते, तसे काहीसे हे आहे. पंढरपूरच्या माणसाने ते योजले याचे मला आश्चर्य वाटत नाही. अर्थात हा माझा आपला गावाभिमान, तो सोडून द्या. गाणी दोन्ही प्रकारची आहेत. जगदीश खेबुडकरांची रचना लताबाईंच्या आवाजात आहे, आणि आरती प्रभूंचे एक गीत रवींद्र साठ्यांनी गायिले आहे. पहिले कानाला गोड आहे. पण चित्रपटाचा भार पेलते ते दुसरे.

लागूंनी त्याआधी, १९७२ साली, शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’तही मास्तर केला होता. तोही पडलेला गुरुजी, तिथेही खून, आणि निळू फुलेही तिथे होते. मूळ बीज ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या जर्मन चित्रपटातले. ‘पिंजरा’तला गुरुजी आपली प्रतिमा वाचावी म्हणून स्वतःचे नाव पुसून टाकतो; गाव त्याचा पुतळा उभारते आणि तो मात्र स्वतःच्याच खुनाचा आरोपी होतो. चित्रपट देखणा आहे, गाणी अजून ओठांवर आहेत. पण त्यात गुरुजी एका बाईच्या मोहाने बिघडतो, आणि गाव आपले निर्मळच्या निर्मळ राहते. मला हे फार सोयीचे वाटते. ‘सामना’त मास्तर आधीच बिघडलेला आहे, आणि प्रश्न गावाचा आहे.

आपल्या पंढरपुरात १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींनी उपोषण केले. तेही शाळामास्तरच, अमळनेरचे. विठ्ठलाच्या मंदिरात हरिजनांना का येऊ देत नाही, एवढेच त्यांचे विचारणे होते. दहा दिवसांत त्या विचारण्याने गाव हलले. त्या पिढीतला एखादा, स्वातंत्र्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी, दारूची बाटली घेऊन कारखान्याच्या गावात येऊन पडला तर तो कसा दिसेल? मला मास्तरांकडे पाहताना हा विचार दर वेळी येतो. त्याचा देह गेला, चारित्र्य गेले, मान गेला. विचारायची सवय तेवढी राहिली.

एक खाजगी गोष्ट सांगतो. मी नोकरीच्या सुरुवातीला एका संस्थेत घड्याळी तासांवर शिकवत होतो. तिथे एक शिपाई होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. मला ‘मास्तर’ म्हणत आणि तास संपला की न सांगता पाण्याचा तांब्या आणून ठेवत. एका सोमवारी ते आले नाहीत. पुढेही आले नाहीत. त्यांनी पगाराच्या कुठल्याशा कागदावर सही करायचे नाकारले होते, हे शिक्षकांच्या खोलीत सर्वांना माहीत होते. आम्ही तिथे क्रिकेटवर बोललो, पावसावर बोललो, महागाई भत्त्यावर बोललो. तांब्या आणून ठेवणारा गडी कुठे गेला, हे तेरा-चौदा शिकलेल्या माणसांपैकी एकानेही विचारले नाही. मीही नाही. मला जूनमध्ये पुन्हा तास हवे होते. मला कोणी दम दिला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. ‘सामना’तले गावकरी भित्रे आहेत असे जेव्हा मुले म्हणतात, तेव्हा मी फारसा वाद घालत नाही.

राहता राहिला शेवट. जुन्या अमेरिकन चित्रपटांना १९३४ पासून एक कडक नियमावली होती, की गुन्हा करणारा सुटलेला दाखवता कामा नये. १९६८ साली ती गेली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७४ साली, ‘चायनाटाऊन’ आला. तोही पाण्यावरून झालेल्या खुनाचा चित्रपट आहे, म्हणून आपल्याला जवळचा. १९३७ चे लॉस एंजेलिस, दुष्काळाची ओरड, आणि त्याच वेळी रात्री गुपचूप पाणी सोडून दिले जाते आहे. ते बोलून दाखवणारा मुख्य अभियंता मेलेला सापडतो. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर, त्यांना पत्ताही नसताना, जमिनी घेतलेल्या असतात. आपल्याकडे सातबारावर असले खेळ पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. ओवेन्स खोऱ्याचे पाणी १९१३ साली त्या शहराने कालव्याने नेले, त्या खऱ्या इतिहासाची सावली या कथेवर आहे. त्या चित्रपटात गुप्तहेर सारे शोधून काढतो, आणि तरी बडा माणूस सहीसलामत निसटतो.

‘सामना’त हिंदुराव सुटत नाही. त्याला तुरुंगाची वाट धरावी लागते. तरी टाळ्या वाजवाव्यात असे प्रेक्षकाला वाटत नाही. एवढा वेळ ज्याच्या पंगतीला आपण बसलो तो माणूस निघाला आहे, आणि जिंकलेला मास्तर पहिल्यापेक्षा एकटा दिसतो आहे. ‘चायनाटाऊन’चा शेवट अधिक खरा आणि ‘सामना’चा अधिक आशेचा, असे काही जण म्हणतील. मला तसे वाटत नाही. गावाने एकदा तोंड उघडले तर चेअरमनही जाऊ शकतो, इतपत लोकशाही तेव्हा आपल्याकडे होती, आणि तेंडुलकरांसारख्या कडवट लेखकालाही ती नाकारता आली नाही. गंमत अशी, की बर्लिनच्या ज्या चित्रपट महोत्सवात ‘सामना’ स्पर्धेसाठी गेला, तो २७ जून १९७५ रोजी सुरू झाला. दोनच दिवस आधी, २५ तारखेच्या रात्री, आपल्या देशात आणीबाणी पुकारली गेली होती. प्रश्न विचारणाऱ्याचा चित्रपट परदेशात, आणि इकडे वर्तमानपत्रांवर नियंत्रण.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. हा चित्रपट वरच्या वर्गातल्या मुलांना दाखवता आला तर जरूर दाखवा, आणि लगेच भाषण देऊ नका. मुलांना बोलू द्या. आमच्या वर्गात त्या दिवशी पाऊण तास चर्चा चालली. मास्तर दारू पितो म्हणून त्याचे ऐकायचे की नाही, यावर दोन तट पडले. एका मुलीने विचारले, की मारुती कांबळेच्या घरच्यांना शेवटी काय मिळाले? त्यावर कोणाला बोलता येईना. मग तो मागच्या बाकावरचा मुलगा पुन्हा उभा राहिला. त्याचा ऊस त्या आठवड्यात तुटायचा होता. तो म्हणाला, ‘‘सर, हिंदुराव आत गेल्यावर चेअरमन कोण झाला?’’ चित्रपट ते सांगत नाही. एकाने पुतण्याचे नाव घेतले, दुसऱ्याने मुलाचे, आणि घंटा होईपर्यंत वर्ग उमेदवार ठरवत बसला.